कपाटामागची बाराखडी

कडुलिंबाचा फुलोरा गळायला लागला की माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात. मनूनं, माझ्या लेकीनं, घाबरून दोनदा ईसीजी काढायला लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मी म्हटलं, अहो, ते मला ठाऊक आहे, हाताला नुसतं जुनं आठवतं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एकच मोठा कडुलिंब उरलाय. उगादीच्या आठ दिवस आधीपासून त्याची फुलं आमच्या गॅलरीत पडतात, बारकी, पांढरी, मधासारख्या वासाची. तेलुगू शेजारणी ती पच्चडीत घालायला वेचून नेतात, मी पाडव्याला गूळ-चिंचेबरोबर वाटायला. सण एकाच दिवशी, झाडही एकच. आणि हवेत परीक्षांचा ताण. चिक्कडपल्लीच्या रस्त्याला लागलं की क्लासवाल्यांचे फलक सुरू होतात, ओळीनं पोरांचे फोटो, एकाच्या तोंडावर हसू नाही. बघून माझं डोकं फिरतं. मेल्यांनो, जरा झोपू द्या की पोरांना! आणि परीक्षा काय सतरा वर्षांच्या पोरांनीच द्यायच्या असतात? मी माझी सगळ्यात अवघड परीक्षा एकतिसाव्या वर्षी दिली. तिचा अभ्यास पलंगावर आडवी पडून, बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून केला.

यंदा त्याच दिवसांत त्याच भिंतीवर लाकूड बसवायला माणसं आली.

लाकूड म्हणे! मी उदगीरची. आमच्याकडं लाकूड म्हणजे सागवान, बाभूळ, लिंब. कापलं की वास सुटतो, पावसाळ्यात फुगतं, दार अडतं, लोक त्याला शिव्या घालतात. हे कसलं लाकूड? भुसा गोंदात कालवून दाबायचा, त्यावर सागाच्या रेषा छापलेला कागद चिकटवायचा, उभ्या खाचा पाडायच्या आणि भिंतीला ठोकायचं. मनूनं आणलेली डिझायनर मुलगी मोबाईलवर एकेक चित्र सरकवून दाखवत होती. सगळ्या खोल्या सारख्या. एका खोलीत माणूस राहतो असं वाटेना. "आंटी, तुमच्या बेडरूमला एकदम वॉर्म फील येईल." मी म्हटलं, बाई, बाहेर बेचाळीस डिग्री आहे, अजून किती वॉर्म करतेस? ती हसली. यांना वाटतं म्हातारी माणसं विनोद करतात. मी विनोद करत नव्हते. "याच्यामागं पाली राहतील, वाळवी लागेल," मी सांगितलं. "नाही आंटी, ट्रीटेड आहे सगळं." ट्रीटेड! हैदराबादच्या वाळवीनं दफ्तरंच्या दफ्तरं खाल्लेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. तिला कुठलं ट्रीटेड नि कुठलं काय.

मनू कोंडापूरला राहते, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि लॅपटॉप घेऊन. मागच्या वर्षी मी रिटायर झाले तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं, आईची खोली नवी करून द्यायची. ठरवलं सगळं तिनंच. मला विचारलं ते रंगापुरतं. "आई, वॉलनट का ओक?" मी म्हटलं, काहीच नक्को. "नक्को म्हणू नक्को ना आई!" आम्ही दोघी भांडतो तेव्हा आमच्या मराठीत असं अर्धं हैदराबाद येऊन बसतं. मी पालींचं सांगितलं, वाळवीचं सांगितलं, धुळीचं सांगितलं, माझ्या दम्याचं सांगितलं. मला दमा नाही. मग ती म्हणाली,

"हे बघ, माझ्यामुळं तुझी भिंत तीस वर्षं घाण राहिली. तू रंग पण देऊ दिला नाहीस कधी, मला चिडवायला ठेवलीस तशीच. आता मीच झाकून देते. फिट्टंफाट."

पलंगाच्या उशाशी, लोखंडी कपाटाच्या कडेला, तेलुगू अक्षरांच्या तीन वाकड्या ओळी दिसतात. मनूला वाटतं त्या तिनं लहानपणी गिरवल्या. त्या मी लिहिल्या आहेत. आणि तिला तसं वाटतं, कारण तिला तसं मीच सांगितलं.

मनूचे बाबा गेले तेव्हा मनू सहा वर्षांची होती. दुपारी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेले, छत्तिसाव्या वर्षी. सरकारी खातं होतं. त्यांच्या जागेवर घरातल्या एकाला घेतात, तशी मला कारकुनाची नोकरी मिळाली. अट एकच. दोन वर्षांच्या आत तेलुगूची परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी. लग्न होऊन मला हैदराबादेत आठ वर्षं झाली होती. तेलुगू म्हणाल तर भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं यायचं, अक्षर एक येत नव्हतं. दुकानांच्या पाट्या मी रंगावरून ओळखायचे.

ऑफिसातले पहिले महिने आठवले की आजही कान तापतात. आमचे सुपरिंटेंडंट, वय झालेले गृहस्थ, वाईट नव्हते असं सगळे म्हणायचे. असतील नसतील. एका सोमवारी त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं, हातात एका शिपायाचा अर्ज दिला आणि म्हणाले, "चदवम्मा." वाच बाई. मी कागद धरून उभी. गोल गोल अक्षरं, जिलेब्या नुसत्या. पंख्याचा आवाज, कुणाचा तरी खाकरा. कुणीतरी हळूच हसलं. दोन मिनिटांनी त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि मला टपालावर शिक्के मारायला बसवलं. त्या दिवशी मी काचीगुड्यापर्यंत चालत गेले, रडत. तिथून परत चालत आले, तेव्हा रडू संपलं होतं. राग उरला होता. तो पुढं फार उपयोगी पडला.

शेजारी एक शाळामास्तरीण राहायच्या. आख्खी गल्ली त्यांना पंतुलम्मा म्हणायची, मीही म्हणू लागले. संध्याकाळी जिन्यात बसून त्या गजरे ओवायच्या आणि मला रोज पाच अक्षरं द्यायच्या. चुकलं की दोऱ्याची गाठ दातानं तोडत "मळ्ळी" म्हणायच्या. पुन्हा. माझा 'च' ऐकून मात्र खूश व्हायच्या. आपण चाकातला च आणि चहातला च वेगळा बोलतो ना, तसेच दोन च त्यांच्यातही आहेत. "हे तुम्हा मराठी लोकांना शिकवावं लागत नाही," असं काहीसं त्या म्हणायच्या. बाकी सगळं शिकवावं लागत होतं.

आणि घोकायला वेळ एकच, पहाटेचा. साडेचारला नळ यायचा. बादल्या, पिंप, टाकी भरून पाचला मी परत पलंगावर पडायचे, कारण मनू चुळबुळायला लागलेली असायची. बाबा गेल्यापासून पोरीला एकच खोड लागली होती. डोक्याखाली माझा हात पाहिजे. उशी सरकवून बघितली, यांचा जुना सदरा गुंडाळून बघितला, पण हात काढला की डोळे टक्क उघडे. तेव्हा डाव्या बाजूला मनू, तिच्या डोक्याखाली माझा डावा हात, आणि उजव्या बाजूला भिंत. वही धरणार कशी? मी केसातली पेन्सिल काढायचे आणि भिंतीवर लिहायचे. 'अ' लिहायचा, शेजारी मराठी अ. 'आ' लिहायचा, शेजारी आ. मग शब्द. खिडकीतून जेमतेम उजेड यायचा, कडुलिंबाची फुलं पलंगावर पडायची, चुन्यावर पेन्सिल कुर्र कुर्र वाजायची. मनूच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास. सहा वाजेपर्यंत माझा डावा हात लाकूड झालेला असायचा. अक्षरं सगळी तिरकी, चढत गेलेली, लहान पोरानं काढल्यासारखी. आडवी पडून, मान वाकडी करून लिहून बघा एकदा, तुमचीही तशीच येतील.

मनूला हे सगळं माहीत होतं. कधी कधी ती जागी असायची आणि माझ्या बोटांकडं बघत पडायची. शाळेत तिलाही तीच अक्षरं चालू होती, म्हणून एखादं ओळखीचं निघालं की हळूच म्हणून दाखवायची.

त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. माझे धाकटे दीर. उदगीरहून रात्रीच्या बसनं आले ते हातात सुटकेस आणि खिशात कागद घेऊन. मी पन्हं दिलं. ते पलंगावर टेकले, मनूला जवळ घेतलं, दादाची आठवण काढून डोळे पुसले. मग कागद काढला. टाइप करून आणला होता. मला ही नोकरी झेपत नाही, माझ्याऐवजी दिराला घ्यावं, माझी हरकत नाही, असा. फक्त सही राहिली होती. "वहिनी, तुमच्या भल्याचंच सांगतो. ते तेलुगू तुमच्याच्यानं व्हायचं नाही. परीक्षेत नापास झालात तर जागा घरातूनच जाईल की. मी लागतो, ते तेलुगू शिकून घेतो, तुम्हाला दर महिन्याला पाठवतो. तुम्ही आणि पोरगी आपल्या घरी चला." किती गोड बोलले! घरी म्हणजे त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या हाताखाली. मी म्हटलं, भाऊजी, मला येतं आता तेलुगू. परीक्षा नुसती नावाला आहे.

आणि मग त्यांनी मान वळवली. भिंत समोरच होती; खालचे शब्द उशा-गोधड्यांच्या ढिगाआड होते, वर उघड्या होत्या त्या पहिल्या ओळी. अ, आ, इ, ई. पहिलीतल्या पोराची बाराखडी. "हे कुणी गिरवलंय?" ते हसत म्हणाले. हसण्यातच कळलं मला, त्यांना काय वाटलं ते. ज्या बाईला तेलुगू येतं ती अजून अ-आ गिरवते होय!

मनू म्हणाली, "आई लिहिते. रोज पहाटे."

मी तिला फाडकन थोबाडीत मारली.

"खोटं बोलतेस? भिंती घाण करायच्या आणि वर आईचं नाव घ्यायचं?" असं म्हणाले मी. शब्द न् शब्द आठवतो. मनूनं गालावर हात धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही लगेच. भाऊजीच घाबरले, "अहो वहिनी, लेकरू आहे, असू दे, असू दे," म्हणत त्यांनी तिला खिशातली गोळी दिली. थोड्या वेळानं मी त्यांना ऑफिसातून आणलेलं एक परिपत्रक दाखवलं आणि पंतुलम्मांनी पाठ करून घेतलेल्या दोन ओळी घडाघडा म्हटल्या. त्यांना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले.

झालं. मी परीक्षा पास झाले, कायम झाले, प्रमोशनं घेतली, फायलींवर तेलुगूत असे शेरे मारले की नवे साहेब विचारायचे, अम्मा, तुमचं गाव कुठलं, विजयवाडा का? निरोप समारंभात सगळे म्हणाले, एकटीनं जिद्दीवर मुलगी वाढवली. टाळ्या वाजल्या. माझी तीस वर्षांची नोकरी त्या थपडेवर उभी आहे हे त्या सभागृहात एकट्या मला ठाऊक होतं.

मनू दोन दिवस म्हणत राहिली, मी नाही लिहिलं. तिसऱ्या दिवशी माझी वेणी घालून झाल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "आई, मी परत भिंतीवर लिहिणार नाही." पोरीनं कबूल करून टाकलं! मी तेव्हाच तिला पोटाशी धरून खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. भीती वाटली. सहा वर्षांचं पोर, उद्या उदगीरला गेलं आणि बोललं तर? परीक्षा झाली की सांगू. निकाल लागला की सांगू. कायम झाले की सांगू. मग ती मोठी झाली आणि ती गोष्ट तिचीच होऊन बसली. घरात चार माणसं जमली की मनू हसत हसत सांगते, "मी इतकी डॅंबिस होते, आईची भिंत रंगवली, आणि आईनं काकांसमोर अशी ठेवून दिली!" सगळे हसतात. मीही हसते. लाज वाटते मला लिहिताना, पण हसते.

गेल्या वर्षी तिच्या मुलीनं कोंडापूरच्या घरात हॉलच्या भिंतीवर मेणखडूनं उंच लाल घोडा काढला. मला वाटलं, आता मनू ओरडणार. ती पोरीला एक शब्द बोलली नाही. ओलं फडकं आणलं आणि खाली बसून पुसायला लागली. दोन तास पुसत होती. मी म्हटलं, अगं, राहू दे की, लेकराचा घोडा आहे. तर म्हणाली, "नको आई, भिंत घाण दिसते."

गुरुवारी सकाळी दहाला करीमभाई मिस्त्री आले, बरोबर आणखी एक सुतार. पट्ट्यांचे गठ्ठे हॉलमध्ये उभे केले. ड्रिल लावून पलंगामागं चार भोकं पाडून पण झाली. भुशाचा आणि गोंदाचा वास. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. कुणावर रागवायचं ते कळेना म्हणून सगळ्यांवर रागावले होते. डिझायनरवर, लेकीवर, त्या खोट्या सागावर. तेवढ्यात करीमभाईंनी हाक मारली. "अम्मा, अल्मारी हटाना पड़ता."

कपाट मी विसरले नव्हते. ते कसं विसरेन? भाऊजी गेल्यावर तीन-चार दिवसांनी पलंग वळवून ते मीच तिथं ओढून आणलं होतं, एकटीनं, फरशीवर ओरखडे पाडत. बाराखडीच्या तीन ओळी कडेला उघड्या राहिल्या, बाकी सगळं मागं गेलं. उरलेला अभ्यास मी पंतुलम्मांच्या जिन्यात पाटीवर केला. तीस वर्षांत कपाट एक बोट हललं नव्हतं. त्या दोघांनी ते हूं म्हणून उचललं आणि बाजूला ठेवलं.

मागं धूळ, एक गंजकी आकडी, पालीच्या अंड्यांची टरफलं. आणि भिंतभर पेन्सिल. उजेड न लागल्यामुळं काळीभोर, काल लिहिल्यासारखी.

"अम्मा, ये कौन लिखे?" करीमभाईंनी विचारलं.

"बच्ची लिखी," मी म्हटलं. "छोटी थी, तब लिखी."

बघा! विचार करायचीही गरज पडली नाही. तीस वर्षांनी, माझ्या स्वतःच्या खोलीत, एका अनोळखी सुताराला मी सवयीनं तेच सांगितलं. कुणाची भीती होती आता? नोकरी संपली, पेन्शन चालू झाली. तरी जीभ आपोआप पोरीकडं वळली.

करीमभाई इथलेच, तेलुगू शाळेत शिकलेले. ते मान तिरकी करून एकेक अक्षर लावत होते. "सेलवु... दरखास्तु... छुट्टी की दरखास्त." मग माझ्याकडं बघून हसले. "छोटी बच्ची को छुट्टी की दरखास्त कैकू होना अम्मा?"

जे माझ्या लेकीच्या वतीनं कुणी विचारलं नव्हतं ते या माणसानं पट्टी मोजता मोजता विचारलं. मी म्हटलं, "काम बंद करो."

"चार स्क्रू तो लग गए, अम्मा."

"निकालो. चाय पियो, बैठो, पर दीवार को हात नक्को लगाओ."

मनूला फोन केला. ती पाचला आली, गच्चीबावलीच्या ऑफिसातून, ट्रॅफिकमध्ये शिजून. चपला काढायच्या आधी सुरू झाली. "आई, काय करायलीस तू? मी डिझायनरला काय सांगू? तुझ्यासाठीच करायलेय ना मी हे? दर वेळी तुझं काहीतरी असतंच!"

मी तिला खोलीत नेलं आणि म्हटलं, "मनू, ही भिंत तू घाण केली नाहीस. हे सगळं मी लिहिलंय."

ती हसली. "काहीही काय आई. मला आठवतं ना. हिरव्या दांडीची पेन्सिल होती माझ्या हातात. मी पलंगावर उभी राहून लिहीत होते."

हिरवी पेन्सिल खरी होती, पण ती माझ्या केसांत असायची. मी पोरीच्या गालावर मारलं आणि तिनं ती पेन्सिल स्वतःच्या हातात धरून घेतली.

मग मी सांगितलं. भाऊजींचा कागद, पन्हं, परिपत्रक, सगळं. ती पलंगाच्या कडेला उभी होती, पर्स खांद्यावर तशीच. माझं झाल्यावर भिंतीपाशी गेली आणि वाचायला लागली. तेलुगू तिचं भरभर, शाळेत शिकलेलं. मराठी मात्र बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. मी तेव्हा वाचायचे त्याच्या अगदी उलट. "भर्त. न... नवरा. उद्योगम्. नो-करी. मरणिंचारु. वा-रले." बोट थांबलं. पुढचा शब्द तिनं तेलुगूत मोठ्यानं वाचला, मराठीत नुसते ओठ हलवले. वितंतुवु, विधवा. परीक्षेत अर्ज लिहायला यायचा, म्हणून मला माझीच माहिती आधी पाठ करावी लागली होती.

सगळ्यात खाली, पलंगावर पडलेल्या माणसाचा हात जेमतेम पोचेल अशा जागी, एक पूर्ण वाक्य होतं. त्याच्यासमोर मराठी अर्थ नव्हता. मनू गुडघ्यावर बसली.

"ना कूतुरु अबद्धम् चेप्पदु."

तिनं ते दोनदा वाचलं. मग स्वतःच मराठी केलं, सावकाश. "माझी मुलगी खोटं बोलत नाही."

"हे कधी लिहिलंस?"

"तू परत लिहिणार नाही म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. तू हातावर झोपली होतीस."

"मराठीत का नाही लिहिलंस?"

"मराठीत लिहिलं असतं तर तुझ्या काकांना वाचता आलं असतं."

मला वाटलं होतं ती रडेल. मग मीही रडेन आणि सगळं धुऊन निघेल. कशाची रडते! ती उठून उभी राहिली आणि तिचा आवाज चढला. असा चढला की हॉलमध्ये करीमभाईंची बशी वाजायची थांबली. "भिंतीला सांगितलंस तू! भिंतीला! मी इथं होते ना, हाताएवढ्या अंतरावर! मला कशाला नाही सांगितलंस? आणि वर कपाट लावलंस त्याच्यावर! तीस वर्षं मी सगळ्यांना हसत हसत सांगत आले गं, मी किती डॅंबिस होते. तू हसायचीस माझ्याबरोबर!"

सकाळपासून, खरं म्हणजे तीस वर्षं, मी जगावर चिडत आले होते. सुपरिंटेंडंटवर, दिरावर, फलकांवरच्या क्लासवाल्यांवर, गोंदात कालवलेल्या भुशावर. आणि झाकण्याचं काम तर मीच सगळ्यांच्या आधी करून ठेवलं होतं, चांगलं लोखंडी. मी म्हटलं, "मनू, तू खरं बोलली होतीस. खोटं मी बोलले आणि मार तुला दिला. चुकलं माझं."

"परत म्हण."

मी परत म्हटलं.

ती बाहेर जाऊन करीमभाईंना म्हणाली की पट्ट्या हॉलमध्ये टीव्हीमागं लावून टाका, बेडरूममध्ये काही नक्को. परत आली ती माझा फोन घेऊन. "काकांसमोर मारलंस ना मला? मग काकांसमोर सांग."

"आत्ता?"

"आत्ता. स्पीकरवर."

भाऊजी अजून उदगीरलाच असतात, आता ऐकू कमी येतं. खूप वेळ घंटी वाजली. "कोण? वहिनी? सगळं बरं आहे ना?" त्यांचा म्हातारा, फाटका आवाज खोलीत घुमला. मी म्हटलं, "भाऊजी, ती भिंतीवरची बाराखडी मी लिहिली होती. मला तेलुगू येत नव्हतं तेव्हा. मनू खरं बोलली होती. मी तिला उगीच मारलं."

मग ते म्हणाले, "कोणती भिंत, वहिनी?"

अहो, विसरले होते ते! कागद, पन्हं, पोरीचा गाल, सगळं. ज्या माणसाच्या भीतीनं मी तीस वर्षं कपाट हलवलं नाही त्याला भिंतसुद्धा आठवत नव्हती. माझा संताप असा उसळला की फोन आपटावासा वाटला. मनूकडं बघितलं. तिनं मान हलवली. सांग.

म्हणून मी पलंगावर बसले, नंतर पाठ भरून आली म्हणून आडवी झाले, आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले, मोठ्यानं, एकेक गोष्ट दोनदोनदा. तुम्ही पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला होतात. तुमच्या खिशात एक कागद होता. नाही कसं, होता भाऊजी. मनूनं पर्स खाली ठेवली. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन पडली, माझा हात ओढला आणि डोक्याखाली घेतला. छत्तीस वर्षांच्या बाईचं डोकं जड असतं. थोड्या वेळानं मुंग्या यायला लागल्या. मी बोलत राहिले, आणि हात हलवला नाही.